जमीन कुणाच्या नावावर

जमीन एकाच्या नावावर घेऊ, नंतर आपसात वाटून घेऊ, हा सल्ला माझा होता. बैठकीत कुणी विरोध केला नाही, पण म्हणून तो बरोबर ठरत नव्हता. मी शाळेत शिकवत होतो, लोकांचे अर्ज लिहून देत होतो, मुलांचे दाखले काढायला सोबत जात होतो. त्यामुळे 'सर म्हणतात' एवढ्यावर वस्तीतल्या पुष्कळ गोष्टी ठरायच्या. ही गोष्टही तशीच ठरली. वीसेक कुटुंबांची बचत माझ्या त्या एका वाक्यावर लागली आणि त्यांतल्या निम्म्यांना आजही स्वतःचं घर नाही.

वर्ध्याच्या भोवताली असे व्यवहार अजून थांबलेले नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, चार हप्ते आणि 'कागद नंतर करून देऊ'. असं सांगणारा माणूस दर वेळी लबाड असतोच असं नाही. कधीकधी तो माझ्यासारखा, लोकांचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा असतो, आणि म्हणूनच लोक त्याला उलट प्रश्न विचारत नाहीत.

सिंदी म्हटलं की जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सिंदी रेल्वे आठवते. ते गाव वेगळं, सेलू तालुक्यातलं. आमचं सिंदी मेघे वर्धा शहराला खेटून आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या यादीत ते 'जनगणना शहर' आहे. इथल्या गरिबाची अडचण नेमकी या दुहेरी ओळखीतून सुरू होते. जमिनीचा भाव शहराचा, हातातली मजुरी खेड्याची. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मूळ मदत मिळते, मग ते घर आर्वीकडच्या एखाद्या आडबाजूच्या गावात असो की शहराच्या वेशीवरच्या. सिमेंट-लोखंडाचा दर दोन्हीकडे जवळपास सारखाच असेल, पण जागेचा? त्या रकमेत जागा धरलेलीच नाही. जागा तुमची असलीच पाहिजे, हे गृहीत आहे.

आणि जागा तर हातातून निघून चालली होती. सावंगी, बोरगाव, पिपरी, नालवाडी, म्हसाळा, आमचं सिंदी मेघे, वर्ध्याभोवतीच्या सगळ्याच गावांत शेतांचे लेआउट पडत गेले. नोकरदार आले, निवृत्त झालेले आले, सावंगी आणि सेवाग्रामच्या दवाखान्यांमुळे भाड्याच्या खोल्यांना मागणी आली. मी स्वतः अशाच एका लेआउटमधल्या प्लॉटवर घर बांधून राहायला आलेला माणूस आहे. ज्यांचे आईबाप या शिवारात निंदण-खुरपण करायचे, कापूस वेचायचे, ती माणसं मात्र दहा बाय बाराच्या खोलीत भाड्यानं राहू लागली. अकरा महिने झाले की घरमालक भाडं वाढवायचा किंवा खोली रिकामी करायला सांगायचा. मुलांच्या शाळा बदलायच्या. माझ्या वर्गातली मुलं अशी मधेच गळायची, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. तिथून हा सगळा विषय माझ्या मागे लागला.

आमच्या गटाचं मूळ बायकांच्या भिशीत होतं. वर्ध्यात धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाकाला जाणाऱ्या, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बायका. नवरे कुणी मिस्त्रीच्या हाताखाली, कुणी ऑटो चालवणारे, कुणी हमाल. भिशीची शिस्त इतकी चोख की मला आश्चर्य वाटायचं. त्यांनीच एकदा विचारलं, एवढे पैसे दर महिन्याला फिरवतो, तर एखादं वावर का घेऊ नये? मला ती कल्पना फार आवडली. मी लगेच पुढाकार घेतला, आणि माझी पहिली चूक खरं म्हणजे तिथेच झाली. त्यांची कल्पना मी इतक्या उत्साहानं हाती घेतली की ती माझी झाली. बैठक माझ्या घरी, वही माझ्याकडे, जमीनमालकाशी बोलणी मी करणार. बायका दाराशी बसायच्या आणि बोलायचे आम्ही पुरुष.

विदर्भाला लागू असलेला १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा सांगतो की शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आमच्यातल्या बहुतेकांकडे सातबारा नव्हताच. तो नव्हता म्हणून तर हा खटाटोप. दुसरी आडकाठी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचा एवढासा तुकडा वेगळा करून त्याची रीतसर खरेदी तेव्हा होत नव्हती. आधी जमीन अकृषिक करायची, लेआउट मंजूर करून घ्यायचा, रस्ते आणि मोकळी जागा सोडायची, मग प्लॉट पडायचे. आमच्याकडे त्याला 'एनए-टीपी' म्हणतात, आणि एनए-टीपी प्लॉटचा भाव ऐकला की भिशीतल्या बायका हसून विषय सोडून द्यायच्या.

हे कायदे मला अगदीच माहीत नव्हते असं नाही. अर्धवट माहीत होते, आणि अर्धवट माहितीनं मला वाट सुचली. गटातल्या एकाचं वडिलोपार्जित दोन एकर वावर दुसऱ्या गावी होतं. तो कायद्यानं शेतकरी. त्याच्या नावावर खरेदी करू, पैसे सगळ्यांचे, आणि कुणाचा किती वाटा ते आपसात लिहून ठेवू. वकिलाला विचारा, असं एका तरुणानं सुचवलं होतं. मी म्हणालो, वकिलाच्या फीमध्ये चार ट्रक विटा येतील. तो तरुण गप्प बसला. त्याला मी गप्प बसवलं, असं म्हणणं जास्त खरं आहे.

ज्याच्या नावावर जमीन घेतली तो सरळ माणूस होता, हे मला ठासून सांगितलं पाहिजे. त्यानं कधी एक पैसा खाल्ला नाही. सातबारा आला तेव्हा त्यानं तो सगळ्यांना दाखवला, धुऱ्यावर नारळ फोडला. त्या दिवशी एका मावशीनं मला विचारलं, "सर, माह्या नावाचा कागद कवा भेटन?" मी म्हणालो, भेटेल, घाई काय आहे, आपलीच माणसं आहेत सगळी. तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात तीस वर्षं काम केलेल्या बाईला कागदाची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळत होती, आणि तिच्या प्रश्नाला मी अविश्वास समजलो. माणूस प्रामाणिक आहे का, असं तिनं विचारलंच नव्हतं. माणूस उद्या नसला तर काय, हे ती विचारत होती.

तो माणूस काही वर्षांनी हृदयविकारानं गेला. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली. थोरल्या मुलाला आमचा व्यवहार ठाऊक होता आणि तो शब्द पाळायला तयार होता. धाकट्याला थोडंफार ऐकून माहीत होतं. मुलीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं ते तिच्या वडिलांचं वावर होतं आणि कायद्यानंही ते तसंच होतं. तोवर रस्ता रुंद झाला होता, भाव अनेक पटींनी चढले होते. तिला मी खलनायिका ठरवू पाहिलं. आमच्या बैठकांत मी तिच्याबद्दल जे बोललो, ते आठवलं की मला आजही लाज वाटते. तिनं आपला हक्क मागितला होता. आमचा हक्क लिहून ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. वारसांनी काही भाग अकृषिक करून घ्यायचं कबूल केलं, त्याचा खर्च आणि वाढीव रक्कम देतील त्यांना रीतसर प्लॉटची खरेदी, बाकीच्यांना मूळ पैसे परत. कागदावर हे न्यायाचं दिसतं. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी एखादा पगार होता त्यांनी जादा पैसे उभे केले आणि प्लॉट घेतले. जे सगळ्यांत गरीब होते, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, ते मूळ पैसे घेऊन बाहेर पडले. त्या पैशांत आता सिंदी मेघेत काहीच येत नव्हतं. आमच्या गटानं गरिबांतले बरे आणि अगदी गरीब अशा दोन रांगा केल्या आणि दुसरी रांग बाहेर काढली. हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

पैसे परत करताना वहीतली आणखी एक गोष्ट उघडी पडली. मी नावं लिहिताना घरातल्या पुरुषाचं नाव लिहिलं होतं. तसंच लिहायची पद्धत आहे, म्हणून. भिशी भरणारी बाई, नाव तिच्या नवऱ्याचं. त्यांतल्या एकीचा नवरा दोन वर्षांपूर्वी तिला आणि मुलांना सोडून गेला होता. पैसे परत मिळणार हे कळल्यावर तो आला, वहीतलं नाव दाखवलं आणि रक्कम घेऊन गेला. वही माझ्या अक्षरात होती. मी नाही म्हणू शकलो असतो का? कदाचित. पण मीच लिहिलेल्या पुराव्यापुढे मी गप्प राहिलो. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेचे नियम वाचले तेव्हा दिसलं की घर बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं मंजूर करायचं, असं तिथे स्पष्ट आहे. नियम करणाऱ्याला जे सुचलं ते रोज त्या बायकांत वावरणाऱ्या मला सुचलं नव्हतं. ती बाई अजून भेटते, चांगलं बोलते. तिच्या मुलाच्या शाळेची फी मी काही काळ भरली, पण त्यानं तिचं घर परत येत नाही.

घरांच्या बांधकामातही मी हात घातला. ते थोडक्यात सांगतो, कारण तिथलं नुकसान त्यामानानं भरून काढता आलं. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून इथले जुने मिस्त्री मुरूम लागेपर्यंत पाया खोदतात. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतो, पाया जमिनीत जातो आणि लोकांना छत दिसायला हवं असतं. पायात पैसे पुरू नका, असं मी दोन घरांना सांगितलं. दोन पावसाळ्यांत त्यांच्या कोपऱ्यांना तडे गेले.

एका म्हाताऱ्यानं मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचं छप्पर करायचं म्हटलं होतं. तो तरुणपणी कवेलू थापायचा. मी त्याला सांगितलं, आता मातीचं घर कोण बांधतं? मी दर वर्षी मुलांची सहल सेवाग्रामला नेत होतो. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हाचं आदी निवास, मग बापूकुटी, माती, बांबू आणि कवेलूची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हाही त्या खोलीत थांबता येतं, हे मी मुलांना सांगायचो. दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. कुंभारानं घडवलेली निमुळती कवेलू एकात एक बसवून, लोखंड न वापरता कमानीचं छत करायची रीत त्यांनी विकसित केली. हे सगळं मला माहीत होतं, पण ते मी सहलीच्या आणि प्रदर्शनाच्या खात्यात टाकलं होतं. घरकुल म्हणजे स्लॅब, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. २५ चौरस मीटरच्या त्या स्लॅबच्या घरांत उन्हाळ्याच्या रात्री कुणी झोपत नाही, सगळे बाहेर खाटा टाकतात.

यानंतरची चूक मला सगळ्यांत उशिरा कळली. ज्यांना प्लॉट मिळाले, घरं झाली, त्यांतल्या काहींनी ती विकली. एकीनं मुलीच्या आजारपणासाठी, एकानं कर्ज फेडायला, एकानं केवळ भाव चांगला आला म्हणून. घेणारे बाहेरचे, पगारदार. विकणारे पुन्हा भाड्याच्या खोलीत. मी त्यांच्यावर चिडलो. एवढं करून दिलं आणि यांनी घालवलं, असं चारचौघांत बोललो. त्यांच्यातल्या एकानं मला शांतपणे विचारलं, "सर, तुमचा प्लॉट तुम्ही इकू शकता, मंग आमी काऊन नाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालकी दिली म्हणजे विकायचा हक्क दिला, हे मी स्वतःसाठी गृहीत धरत होतो आणि त्यांच्यासाठी विसरलो होतो. विकताना ती जमीन गावातल्या दुसऱ्या गरजू कुटुंबाकडे जावी आणि विकणाऱ्यालाही त्याचे कष्ट मिळावेत, अशी काही रचना असते का, याचा विचार मी केलाच नव्हता.

रचना होती आणि ती माझ्या शेजारच्या गावातून निघालेली होती. पवनार आमच्यापासून सायकलनं जाता येईल इतकं जवळ. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा तिथून पायी निघाले, १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. पुढे त्यातून ग्रामदान आलं. सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी गावाच्या सभेकडे जाते. कसणारा कसत राहतो, त्याची मुलं कसत राहतात, विसावा हिस्सा भूमिहीनांना जातो आणि जमीन गावाबाहेरच्याला विकता येत नाही. महाराष्ट्रानं त्यासाठी १९६४ साली कायदा केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २०१३ साली त्याच कायद्याखाली आपल्या सगळ्या जमिनी ग्रामसभेच्या केल्या. मी ग्रामदानाला जुन्या पिढीचं एक भाबडं स्वप्न समजत होतो. शाळेत धडा शिकवताना 'भूदान कुठे सुरू झालं' एवढाच प्रश्न काढत होतो.

अमेरिकेत मात्र काही माणसांनी ते गंभीरपणे घेतलं होतं. नागरी हक्कांच्या लढ्यातले चार्ल्स शेरॉड, रॉबर्ट स्वान आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६९ साली जॉर्जिया राज्यात 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली आणि कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी साडेपाच हजार एकरांहून अधिक जमीन सामायिक मालकीनं घेतली. स्वान यांच्यापुढे विनोबांचं ग्रामदान होतं. कर्जापायी १९८५ साली ती जमीन त्यांच्या हातून गेली, पण पद्धत मागे राहिली: जमीन संस्थेची, कायमची, आणि तिच्यावरचं घर कुटुंबाचं. घर विकायचं तर ठरलेल्या हिशेबानं, स्थानिक गरजूलाच. आज इंग्लंडमधल्या खेड्यांत, जिथे बाहेरच्यांच्या सुटीच्या घरांमुळे गावच्या तरुणांना घर परवडेनासं झालं, तिथे लोक याच पद्धतीनं घरं बांधतात. हे मला एका विद्यार्थ्यानं सांगितलं, तो तिकडे शिकायला गेला होता. इथल्या गोष्टीचा पत्ता मला तिथून लागला.

त्याहून जास्त अस्वस्थ करणारा शोध आमच्याच कायद्याच्या पुस्तकात लागला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली गृहनिर्माण संस्थांचे प्रकार आहेत. त्यांत एक 'भाडेकरू मालकी' प्रकार आहे, ज्यात जमीन संस्थेच्या नावावर असते आणि घर सभासदाचं. 'भाडेकरू सहभागीदारी'त दोन्ही संस्थेचं. त्या काळी वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं असली की संस्था नोंदवता येत होती. आमच्याकडे वीस होती. जमीन अकृषिक करण्याचा खर्च टळला नसता, परवानग्यांची वणवण टळली नसती, हे खरं. पण सातबाऱ्यावर मरणाऱ्या माणसाऐवजी संस्थेचं नाव आलं असतं. त्या तरुणानं सुचवलेल्या वकिलानं एवढं तरी नक्की सांगितलं असतं.

सोलापूरजवळ कुंभारीला मी मुद्दाम जाऊन आलो. तिथे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावानं सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली ती पूर्ण झाली. पुढे रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, त्यांतली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. आमची त्यांच्याशी तुलना होत नाही. त्यांच्यामागे अनेक दशकांची कामगार संघटना होती, मोर्चे होते. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी संघटना, मग संस्था, मग संस्थेच्या नावानं जमीन, मग सरकारचा निधी. मी आधी नकाशा काढला होता. कुणाचं दार कुठे उघडेल ते मी रंगीत पेन्सिलनं दाखवलं होतं आणि लोक त्या कागदावर बोट ठेवून आपलं घर शोधत होते. तो नकाशा मी त्यांना दाखवायला नको होता. त्यामुळे लोकांना थांबणं अशक्य झालं, आणि कागद पक्के करायला थांबणंच गरजेचं होतं.

बाहेर पडलेल्या बायकांतल्या काहींनी पुन्हा भिशी सुरू केली आहे. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. आधी ५० हजारांपर्यंत मदत मिळायची, आता १ लाखापर्यंत मिळते. तेवढ्यानं इथला प्लॉट येत नाही, पण संस्था करून सगळ्यांच्या रकमा एकत्र केल्या तर थोडं दूर, म्हसाळ्याच्या पलीकडे काही जमेल का, असा त्यांचा विचार चालू आहे. घर विकायची वेळ आली तर आधी संस्थेला विचारायचं, हे त्यांना पटलं आहे. भाव कसा काढायचा यावर दोन तट आहेत आणि भांडण होतं. वही गटातल्या एकीच्या सुनेकडे आहे, ती बी.कॉम. झाली आहे, आणि वहीत सगळी नावं बायकांची आहेत. मला बोलावतात तेव्हा मी जातो, विचारलं तर कायद्याचं कलम वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात त्यांना एक जमीन स्वस्तात मिळत होती, मालक घाई करत होता. त्यांनी आधी कागद वकिलाला दाखवले. सातबाऱ्यावर एका बहिणीचं नाव होतं आणि तिची संमती नव्हती. वकिलाची फी वर्गणीतून दिली आणि जमीन सोडून दिली.